तारू कुठवर आलं?

६ जानेवारी, सोमवार

आजपासून पुन्हा रोजची नोंद. साजगावच्या कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. कोण किती वाजता आत आलं आणि किती वाजता बाहेर पडलं, एवढंच लिहिण्यात नोकरी गेली. रिटायर झालो तरी हात स्वस्थ बसत नाही. घरातलंही लिहून ठेवतो. सौ. कर्जतच्या बाजाराला गेली ९.१०, आली १२.४०. ती हसते. म्हणते, "घरात पन मस्टर ठेवा आता."

आजची नोंद मात्र साधी नाही. आज गाडी बुक केली!

त्याचं असं झालं. सौ.च्या माहेरची जमीन नव्या रस्त्यात गेली, भरपाई मिळाली. आपल्याकडे अशा वेळी बहिणी हक्कसोडीवर सही करतात आणि साडी घेऊन सासरी येतात. सौ.सुद्धा पेन काढून बसली होती. पण तिचा धाकटा भाऊ सखा, त्याने तो कागद घेतला आणि टराटरा फाडला. म्हणाला, "ताई, लावनीला तू चिखलात हुतीस तवा मी पाळन्यात हुतो. तुजा वाटा तुजा." सौ. आधी रडली, मग हसली आणि मग म्हणाली, "मला गाडी पायजे."

तिच्या गुडघ्यांसाठी म्हणत असणार. आमच्या गावातून केळवली स्टेशन चालत वीस मिनिटांवर आहे.

तर पनवेलच्या शोरूममध्ये गेलो. तिला पसंत पडली ती शेवंतीसारखी पिवळी. ही गाडी जपानात तयार होते आणि जहाजातून येते. तिथल्या हर्षला नावाच्या चुणचुणीत मुलीने सगळं समजावून सांगितलं. फॉर्म सौ.च्या नावावर भरला, फोन नंबर माझा दिला. एवढा वेळ सौ. तिथल्या नमुन्याच्या गाडीत स्टेअरिंगसमोर बसून होती. उतरायलाच तयार नाही. म्हटलं बसू दे घटकाभर, गाडी घरी आली की तिला ती जागा कुठली मिळायला.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापाशी मंडळी जमली. आबाजींनी विचारलं, "आननार कोन रं गाडी? डायवर लावनार का?" आबाजी ब्याऐंशी वर्षांचे, आमच्या शेजारचेच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "ड्रायव्हर कशाला? मी स्वतः चालवत आणतो. पाडव्याला. तुम्ही बेंजोवाल्यांना सांगून ठेवा."

७ जानेवारी, मंगळवार

मला गाडी चालवता येत नाही.

ही वही कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. एकोणीसशे एकोणनव्वद साली मी कंपनीची जीप चालवत घाट उतरलो, ही गोष्ट गावात सर्वांना पाठ आहे, कारण मीच ती पन्नासदा सांगितली आहे. खरी गोष्ट अशी की जीप बंद पडली होती आणि मी ती ढकलत होतो. मागून.

काल जीभ कशाला चालवली, देव जाणे. पाडव्याला अजून पावणेतीन महिने आहेत. तेवढ्यात शिकेन. माणसं महिन्यात शिकतात.

१३ जानेवारी, सोमवार

कर्जतच्या एका मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सोम-बुध-शुक्र, दुपारी तीनला. शिकवणारा ओमकार, वय असेल अठ्ठावीस, धीराचा वाटतो. लर्निंग लायसन्सही निघालं. घरी सांगितलं की पेन्शनच्या कागदांसाठी हेलपाटे आहेत. सौ. म्हणाली, "घाला, घाला. कागद काय यका फेरीत हुनार हायत व्हय?" मला जरा वाईट वाटलं. तिच्याशी खोटं बोलायची वेळ फार कमी येते.

तिनेही स्वतःसाठी काहीतरी काढलं आहे, हे बरं झालं. कर्जतला भजनी मंडळ आहे, तिथे तालमीला जाणार. मंगळ-गुरु-शनि, सकाळी. मी मात्र तिला कधी गाताना ऐकलेलं नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

डाव्या पायाने क्लच, उजव्याने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. म्हणजे दोन पायांना तीन कामं. ही कुठली पद्धत?

आज गाडी सात वेळा बंद पडली. आठव्यांदा सुरू झाली ती थेट एका शेळीच्या दिशेने. शेळी शहाणी होती. ओमकारने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि शांतपणे म्हणाला, "काका, क्लच हळू सोडायचा. आमच्या सकाळच्या बॅचला एक मावशी हायत, तुमच्याच वयाच्या. चढावर गाडी अशी धरतात की इंचभर मागं येत नाय."

कोण ही मावशी? कुणीतरी फार्महाऊसवाली असणार. लहानपणापासून गाड्यांत बसलेल्या या बायका. त्यांना काय अवघड?

१९ जानेवारी, रविवार

घरी हळदीकुंकू. सौ.ने वाण म्हणून किल्ल्या अडकवायच्या कड्या दिल्या. पिवळ्या रंगाच्या. बायका चकित. दरवर्षी डबी, वाटी, गाळणी असतं. मी विचारलं, "हे काय मध्येच?" तर म्हणते, "बायकांकडं यक तरी किल्ली आसावी."

२५ जानेवारी, शनिवार

सौ. गेली ८.५५, आली १२.२०.

निघालं! हर्षलाचा फोन आला, जहाज जपानहून सुटलं. तिने नाव पाठवलं आणि मोबाईलवर जहाज कुठे आहे ते कसं बघायचं तेही शिकवलं. निळ्या समुद्रावर एवढासा ठिपका. त्या ठिपक्याच्या पोटात एक डबा आणि डब्यात आमची गाडी. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो. मग देवळापाशी जाऊन आबाजींना दाखवलं. जहाजाचं नाव त्यांच्या जिभेला वळेना. म्हणाले, "तारू म्हन की सरळ." मग म्हणाले, "आनि ह्ये हालत कसं नाय?"

"हलतंय, आबाजी. फार लांब आहे म्हणून दिसत नाही."

त्यांनी ठिपक्याला हात जोडले. जाताना मला विचारलं, तारवावरच्या लोकांना जेवण कोण करतं.

२९ जानेवारी, बुधवार

चष्म्याचं घर हरवलं. बहुतेक ओमकारच्या गाडीत पडलं असेल. आज वळण घेताना माझं सगळं लक्ष समोरच्या टेंपोवर होतं. टेंपो उभा होता, तरी.

३० जानेवारी, गुरुवार

सौ. गेली ८.५०, आली १२.३५.

चष्म्याचं घर सापडलं. देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात. मी तिथे ठेवल्याचं आठवत नाही. वय झालं म्हणायचं. सौ.ला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

जहाज सिंगापूरपाशी तीन दिवस उभं आहे. का, कुणी सांगत नाही. हर्षलाला दिवसातून दोनदा फोन करतो. आज ती म्हणाली, "काका, तुम्ही काळजी करू नका, गाडी कुठे जात नाही." मी म्हणालो, "तीच तर काळजी आहे."

आता सारा गाव जहाजाच्या मागे लागला आहे. दूध घालायला आलेला रोहिदास "किती वाजले" विचारायचं सोडून "तारू कुठवर आलं?" विचारतो. शाळेच्या बाईंनी पोरांना नकाशा दाखवून सिंगापूर शिकवलं.

खोपोलीला जाताना टमटममध्ये बसलो होतो. पुढचा ट्रक अचानक वळला. सौ. ताडकन म्हणाली, "इंडिकेटर नको द्याला मेल्यानं?" आणि उजवा पाय जोरात खाली दाबला. तो माझ्या पायावर होता. हल्ली तिचं लक्षण काही कळत नाही. परवा भाकरी थापायच्या आधी परात दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे फिरवत बसली होती. गुडघ्यांचा व्यायाम असेल म्हणावं तर परात हातात. विचारणार होतो, राहून गेलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नापास.

आरटीओच्या मैदानावर चढ आहे. तिथे गाडी थांबवायची आणि मागे न येता पुन्हा सुरू करायची. मी थांबवली. झकास थांबवली. मग ती मागे आली, आणखी मागे आली आणि मागच्या खांबाला लागून पुन्हा थांबली. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी आयुष्यभर दुसऱ्यांबद्दल कागदावर लिहीत आलो. आपल्याबद्दल लिहिलं जातं तेव्हा कसं वाटतं ते आज कळलं.

ओमकार धीर देत होता. "परत देऊ, काका." मी विचारलं, "ती तुझी मावशी?" तो एकदम खोकायला लागला. म्हणाला, "त्यांची टेस गुरवारी हाय."

पास होणार ती. मला खात्री आहे. आणि मला ते मुळीच सहन होणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सौ. गेली ७.३०, आली २.१०. एवढा उशीर कधी करत नाही.

हातात पेढ्यांचा पुडा. कुठली तरी भजनस्पर्धा होती म्हणे, पहिला नंबर आला. चेहरा असा उजळला होता की मी नुसता बघत राहिलो. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. असा चेहरा मी तिचा फारच थोड्या वेळा पाहिला आहे, आणि त्यात माझं कर्तृत्व म्हणाल तर काही नाही. म्हटलं, "गाऊन दाखव की, काय म्हटलंस ते." तर म्हणते, "वाजत-गाजत म्हनीन यक दिवस. पेढा खावा."

खाल्ला. गोड लागला. बायको पहिली येते आणि नवरा चढावरून मागे येतो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

पोस्टमन सौ.च्या नावाचं पाकीट देऊन गेला. तिने ते झटकन घेतलं. "आधारकार्डाचं हाय," म्हणाली आणि कपाटात ठेवलं. तिचं आधारकार्ड तर माझ्याकडे आहे.

जहाज आता अगदी जवळ. मोबाईलवर बोटाने मोजलं तर दीड पेर.

१ मार्च, शनिवार

आजचा दिवस छापून ठेवण्यासारखा. मी, सखा आणि आबाजी उरणला मोरा बंदरावर जहाज बघायला गेलो. सौ.ला खूप म्हटलं चल. तालीम आहे म्हणाली. स्पर्धा संपली तरी तालीम? असो.

आबाजींनी घरून आरतीचं ताट, नारळ आणि अबीर आणलं होतं. लांबवर एक मोठं जहाज उभं होतं. सखा म्हणाला, "दाजी, ह्येच." आबाजी समुद्र बघतच राहिले. ब्याऐंशी वर्षांत ते उरणला पहिल्यांदा आले होते. त्यांनी जहाजाला ओवाळलं, नारळ समुद्राला दिला आणि मोठ्यांदा म्हणाले, "आमची पोर नीट आनलीस रं बाबा!" मलासुद्धा भरून आलं. बाजूला जाळं विणत बसलेला एक कोळी म्हणाला, "काका, त्या तेलाचा जहाज हाय. चार दिस झाले, थयंच उभा हाय."

आम्ही तिघेही हसत सुटलो. आबाजी तर खाली बसले. "आसू दे," म्हणाले, "त्याची पन कुनीतरी वाट बघत आसंल."

येताना कोलंबी घेतली. सौ.ने झकास केली. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हळूच म्हणाली, "मी यायला हवी हुती." मला बरं वाटलं. पुढच्या वेळी तिला नेलंच पाहिजे.

३ मार्च, सोमवार

हर्षलाचा फोन. जहाज शुक्रवारीच लागलं आणि गाडी उतरलीसुद्धा. म्हणजे आम्ही ओवाळत होतो तेव्हा ती आमच्या पाठीमागे न्हावाशेव्याला धक्क्यावर उभी होती.

कागदपत्रं, नंबर वगैरे होऊन गाडी पाडव्याला मिळणार, नक्की. देवळापाशी सांगितलं. रोहिदासने बेंजोवाल्यांना फोन लावला. आबाजी म्हणाले, "पदू, तू येशीपासून हळू आन हां. आमाला बघू दे तुला चालवताना." मी मान हलवली.

१० मार्च, सोमवार

दुसऱ्यांदा नापास. या वेळी मागे आलो नाही. पुढे गेलो, थांबायचं होतं तिथे.

साहेब चांगले होते. म्हणाले, "काका, घाई काय आहे?" त्यांना काय सांगू?

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा. तिसऱ्या परीक्षेची तारीख त्यानंतरची मिळाली.

दिवसभर गुढीची तयारी. सौ. गुणगुणत होती. खरंच बेसूर. मी तीनदा तिला सांगायला गेलो आणि तीनदा पाणी पिऊन परत आलो. गावात हसं होईल, त्याचं मला काही नाही. म्हणजे आहे, खोटं कशाला लिहू? पण तिने आयुष्यात एकच गोष्ट तोंड उघडून मागितली आणि ती मी फुशारकीच्या भरात माझी करून टाकली. आता ती शोरूमच्या दारात उभी राहणार आणि मी तिला सांगणार की गाडी आणायला भाड्याचा ड्रायव्हर बघू या. तिचा चेहरा कसा पडेल, ते मला बघवणार नाही.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर सुटेल.

गुढी उभारून सकाळी दोघं निघालो. सौ. नव्या साडीत. पायात मात्र जुनी, सपाट चप्पल. म्हटलं, "आज तरी नवी घालायचीस." म्हणाली, "आज हीच बरी."

शोरूममध्ये गाडीवर लाल कापड होतं. हर्षलाने ते सौ.च्या हाताने ओढायला लावलं. पिवळीधमक! सौ.ने हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि बॉनेटवरून हात फिरवला. "दमली आसंल," म्हणाली, "केवडं पानी बघून आली."

मग हर्षलाने किल्ली पुढे केली आणि मी सौ.ला कोपऱ्यात घेतलं. सांगून टाकलं. "मला येत नाय गं. पेन्शनचे कागद नव्हते, शिकायला जात होतो. दोनदा नापास झालो."

ती म्हणाली, "ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"दोनदा. चढावर यकदा आनि थांबायच्या जागी यकदा." तिने पिशवीतून छोटं पाकीट काढलं आणि पाकिटातून एक कार्ड. तिचा फोटो. तिचं नाव. तिचं लायसन्स. "चष्म्याचं घर शिटाखाली घावलं तवाच कळलं मला. रोज शीट मागं सरकलेली आसायची, म्हनलं कोन येवडा उंच मानूस शिकतोय?"

मला बसायला खुर्ची लागली. "म्हणजे ओमकारची ती मावशी..."

"तुमच्याच वयाची म्हनला ना मेला? चार वर्सांनी ल्हान हाय मी तुमच्याहून."

"आणि भजन?"

"अवो, मला सा लागत नाय, तुमाला ठावं नाय?"

मला आधी राग आला. मग हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं, हर्षलासमोरच. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "सांगनारच हुते. पन तुमी देवळापाशी बोलून बसलात, मी आननार म्हनून. तुमाला खाली बघायला लावून मला गाडी नको हुती. म्हनलं, तुमी पास झालात तर तुमी आना. नाय झालात तर मी हायच."

मी शोरूममध्ये, चार माणसांत, तिचा हात धरला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

शेजारी बसलो. ती स्टेअरिंगसमोर. सीट पुढे सरकवली, आरसे नीट केले, पट्टा लावला, माझाही लावायला सांगितला. मी म्हटलं, क्लच हळू सोड. तर म्हणते, "हिला क्लच नाय. ऑटोमॅटिक हाय. तुमी फकस्त जहाजाचंच इचारत हुतात, गाडीचं कुटं इचारलंत?"

जुन्या हायवेने आलो. चौकला तिने रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, इंडिकेटर देऊन, आणि आम्ही वडापाव खाल्ला. एक ट्रकवाला वाकून बघत होता. सौ.ने त्याला हात केला.

गावच्या अलीकडच्या वळणावर ती थांबली. पुढे बेंजो ऐकू येत होता. म्हणाली, "हितनं तुमी बसा हिकडं. मी सांगते तुमाला. तीनशे पावलं तर हायत, सपाट रस्ता." आणि खरंच पट्टा सोडायला लागली.

तीनशे पावलं. माझा शब्द राहिला असता. मी तिच्या हाताकडे बघितलं. पट्ट्याच्या बटणावर होता, पण दाबत नव्हता.

मी दार उघडून उतरलो. म्हटलं, "बस तू. मी पुढे होतो."

आणि गाडीच्या पुढे चालत गेलो. वेशीपाशी सगळा गाव. बेंजो एकदम थांबला. आबाजी काठी टेकत पुढे आले. "पदू, तू खाली कसा? मंग गाडी कोन चालवतंय?"

मी घसा खाकरला. एकतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर नावं पुकारली, तेवढा आवाज काढला. "गाडी मालकीणबाई चालवतायत! मला येत नाही. जीपसुद्धा मी ढकलली होती!"

सखा शिट्टी मारत सुटला, बायका पुढे धावल्या आणि बेंजो जो वाजला तो विचारू नका. मी नाचलो. साठी उलटल्यावर, गाडीच्या पुढे, दोन्ही हात वर करून. मागून ती पायाच्या बोटावर तोलून गाडी आणत होती. माझ्या चालीने, इंचभर पुढे नाही की मागे नाही. आबाजी काचेतून आत बघत मोठ्यांदा म्हणत होते, "आलं रं तारू, आलं!" मग सगळ्या बायकांना दोन-दोन करून तिने देवळाभोवती फेरी मारून आणलं. प्रत्येकीच्या हातात संक्रांतीची पिवळी कडी.

आत्ता अंगणात गाडीशेजारी बसून लिहितो आहे. गुढी उतरवायची आहे, ऊन कललं. मघाशी ही वही मागून पुढे चाळली. सगळं माझ्याच अक्षरात आहे. गेली, आली, गेली, आली. मिनिटाचाही फरक नाही. कुठे गेली, ते एकदाही विचारलेलं नाही. कारखान्यातही मला कुणी सांगितलं नव्हतं की आत माणसं काय करतात तेही लिही.

उद्यापासून ती मला शिकवणार आहे. सकाळी सातला. उशीर चालणार नाही म्हणाली.

आजची नोंद:

विनिता आली ४.२०. कुठून: पनवेलहून. कशी: स्वतःची गाडी चालवत.